शेवटच्या क्वार्टरला बाहेर

जर्मनीतल्या निडरबाख गावच्या बास्केटबॉल हॉलमध्ये एक रीत आहे. सामना सुरू झाला की आपल्या संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. संघ चांगला असला की हे काम चटकन उरकतं. निडरबाखचा संघ मात्र सुरुवातीची पाच मिनिटं चेंडू कुठेही भिरकावण्यात पटाईत, त्यामुळे प्रेक्षकांच्या पोटऱ्या भरून येतात. उल्हासराव मेहेंदळे ही शिक्षा बरीच वर्षं, तिकिटाचे पैसे भरून, आनंदाने भोगत आले होते.

उल्हासराव मूळचे चिंचवडचे. कॉलेजात असताना ते संघात होते, पण उंची साडेपाच फूट, त्यामुळे बहुतेक सामने त्यांनी बाकावर बसूनच काढले. त्याचा एक फायदा झाला. खेळ बघावा कसा हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. पुढे इंजिनिअर होऊन ते जर्मनीत आले आणि गाडीची सीट पुढेमागे सरकते ना, तिच्याखालच्या रुळांचं डिझाइन करण्यात त्यांची पंचविसेक वर्षं गेली. ऑफिस ड्युसेलडॉर्फला, घर कोलोनच्या अलीकडे निडरबाखमध्ये. बायको नीलिमाताई एका श्टॉयरबेराटरकडे, म्हणजे लोकांचे कर भरून देणाऱ्याकडे, काम करत. मुलगी ऊर्जा म्युनिकला नोकरीला होती आणि दर रविवारी फोन करून तिथल्या घरभाड्याच्या नावाने बोटं मोडायची.

हॉलमधली उल्हासरावांची खुर्ची आधी हेर, म्हणजे श्रीयुत, हॉल्टमान यांची होती. ते गेले, खुर्ची रिकामी झाली, ती उल्हासरावांनी घेतली. शेजारच्या खुर्चीत त्यांच्या पत्नी, फ्राउ हॉल्टमान. आयुष्यभर त्यांनी गावात कपडे उसवून-शिवून द्यायचं दुकान चालवलं होतं. पहिली दोन वर्षं या बाई उल्हासरावांशी चकार शब्द बोलल्या नाहीत. मग एका सामन्यात पंचाने भलताच फाउल दिला, दोघं एकाच वेळी उठून ओरडले, आणि बाईंनी पर्समधून ज्येष्ठमधाची काळी गोळी काढून पुढे केली. उल्हासरावांना ती गोळी अजिबात आवडत नाही. तेव्हापासून ते दर सामन्याला एक खातात.

आता बाई ऐंशीच्या घरात होत्या आणि त्यांची नजर मधोमध पुसली जात चालली होती. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच धुरकट. हॉलचे दिवे दिसत, गर्दी दिसे, चेंडू दिसत नसे. डॉक्टरांनी हात टेकले होते. तरी बाईंनी हंगामाचं तिकीट सोडलं नाही, आणि उल्हासरावांनी त्यांच्या उजव्या कानाशी धावतं वर्णन सुरू केलं. लहानपणी रेडिओला कान लावून ऐकलेलं क्रिकेटचं समालोचन त्यांच्या अंगात मुरलेलं होतं, ते आता जर्मनमधून बाहेर पडलं. "बेनकडे चेंडू. बेन थांबला. अजून थांबलाय. आल्झो, म्हणजे झोप लागली की काय त्याला? नाही, निघाला!" पुढच्या रांगेतले लोकसुद्धा मागे रेलून ऐकायचे.

त्या वर्षी निडरबाखच्या नशिबाचं टाळं उघडलं. आदल्या हंगामात संघ जर्मन लीगमध्ये बराच वर आला आणि युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत त्यांना जागा मिळाली. बडे बडे संघ खेळतात ती सगळ्यात वरची स्पर्धा नव्हे, तिच्या खालची, दुसऱ्या दर्जाची. पण निडरबाखला तिचं काय अप्रूप! कालपर्यंत शेजारच्या गावाशी भांडणारे लोक आता स्पेन, तुर्कस्तान, लिथुआनिया यांच्याविषयी तावातावाने बोलू लागले. बेकरीवाल्याने काउंटरवर युरोपचा नकाशा लावला. सामने मधल्या वारी असायचे, आणि उल्हासरावांच्या ऑफिसात त्या दिवशी चारनंतरच्या मीटिंगा आपोआप रद्द होऊ लागल्या, कारण बॉसही निडरबाखचाच.

आणि इथेच उल्हासरावांच्या हातून एक चूक झाली.

चिंचवडच्या कॉलनीत ते लहान असताना टीव्ही होता दिनकरकाकांकडे. क्रिकेटचा सामना असला की काकांचा कायदा लागू व्हायचा. चौकार बसला की जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. कोणी मोरीच्या दारात अडकायचं, कोणी अर्धवट उठलेलं तसंच राहायचं. छोटा उल्हास खोलीत आला की विकेट पडते असा शोध काकांनीच लावला. मग शेवटच्या षटकांना त्याची रवानगी गॅलरीत. आतून आरडाओरडा ऐकायचा आणि जिंकलो की हरलो ते आवाजावरून ओळखायचं. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. देशासाठी आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

युरोपातल्या पहिल्या सामन्यात निडरबाख सपाटून मार खात होतं. चार क्वार्टरांपैकी शेवटच्या क्वार्टरला ऊर्जाचा फोन आला म्हणून उल्हासराव बाहेर गेले. परत येतात तो संघ जिंकलेला! पुढच्या सामन्याला ते शेवटपर्यंत आत बसले आणि संघ हरला. तिसऱ्याला कॉफी आणायला गेले, रांग मोठी होती, संघ जिंकला. कॉलनीतली ती गॅलरी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी ही गंमत टोर्स्टनला सांगितली.

टोर्स्टन म्हणजे फॅनक्लबचा म्होरक्या. आडवा बांधा, गळ्यात ढोल, धंदा घरोघरची हीटिंग दुरुस्त करण्याचा. त्याने सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही बाहेर गेलात की आपण जिंकतो," तो म्हणाला.

"अहो, गंमत हो. आमच्याकडे असं म्हणतात आपलं."

"कारण काय असेल?"

"कारण कसलं आलंय?"

टोर्स्टनने मान हलवली. "गेनाऊ, अगदी बरोबर. बॉयलरचंही तसंच असतं. का चालू आहे ते कळत नसलं तरी चालू असलेल्या बॉयलरला हात लावायचा नाही."

आपल्याकडे अशी गोष्ट हसण्यावारी जाते. जर्मन माणसाला गंमत सांगावी तर तो तिची व्यवस्था लावतो. पुढच्या सामन्याला बाहेर, कोट ठेवायच्या खिडकीपाशी, उल्हासरावांसाठी एक खुर्ची मांडलेली होती. त्यावर 'राखीव' अशी पाटी. तिसरा क्वार्टर संपला की अख्खा स्टँड लाडाने "उली, राउस! उली, राउस!" म्हणजे आपला उल्हास ऊर्फ उली बाहेर, असा घोष करायचा, टोर्स्टन ढोल बडवायचा, आणि उल्हासराव नवरदेवासारखे हात जोडत बाहेर पडायचे. फ्राउ हॉल्टमानही म्हणायच्या, "जा हो जा, माझं मी बघते." दार बंद व्हायचं. मग बाहेर उल्हासराव, शेकडो कोट आणि प्रेट्झेल हा खारा पाव विकणारी प्रेट्झेलवाली. आत गर्जना झाली की प्रेट्झेलवाली अंगठा वर करायची.

आणि संघ जिंकत राहिला! स्पेनचे हरले, तुर्कस्तानचे हरले, इटलीचे तर रडकुंडीला आले. परदेशातल्या सामन्यांना हा नियम घरी लागू झाला. नीलिमाताई टीव्हीसमोर आणि उल्हासराव स्वयंपाकघरात. कधी बास्केटबॉलकडे ढुंकून न बघणाऱ्या नीलिमाताई शेवटच्या क्वार्टरला "अरे टाक ना मेल्या!" असं ओरडू लागल्या. ऊर्जा फोनवर म्हणाली, "बाबा, दास इस्ट डॉख क्वाच!" मूर्खपणा तर मूर्खपणा. पण पुढच्या सामन्याला साडेनऊच्या सुमाराला तिनेच मेसेज करून विचारलं, "बाहेर आहात ना?"

सामना संपला की उल्हासराव फ्राउ हॉल्टमानना गाडीने घरी सोडत. गाडी सुरू होण्याआधीच त्यांचा प्रश्न तयार असे. "मग? शेवटी काय झालं?" आणि बाई रंगवून रंगवून सांगत. बेनने तिघांना कसं चकवलं, तोल जाता जाता कसा फेकला, समोरचा उंच खेळाडू कसा आडवा झाला. उल्हासरावांना अगदी सामना बघितल्यासारखं वाटायचं. फक्त एक गोष्ट विचित्र होती. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये ते फोनवर क्षणचित्रं बघत तेव्हा त्यातलं काहीच जुळत नसे. बेन तर शेवटच्या क्वार्टरला बाकावर बसलेला! बाईंचं वय झालं, विसरत असतील, असं म्हणून ते सोडून देत.

मार्चमध्ये संघ शेवटच्या आठांत पोचला. एकच सामना, हरला तो घरी. समोर लिथुआनियाचा संघ, म्हणजे ज्या देशात बास्केटबॉलला आपल्या क्रिकेटसारखं वेड आहे तिथला. सामन्याच्या आदल्या दिवशी जेवताना उल्हासराव बाईंच्या या घोटाळ्याची गंमत नीलिमाताईंना सांगत होते.

"अहो," नीलिमाताईंनी आमटी वाढता वाढता विचारलं, "पण शेवटच्या क्वार्टरला त्यांच्या शेजारी कोण असतं?"

"कोणी नाही. माझी खुर्ची रिकामी असते ना."

"मग त्यांना कोण सांगतं काय चाललंय ते?"

उल्हासरावांचा घास हातातच राहिला. इतके महिने, इतके सामने, हा साधा प्रश्न त्यांच्या डोक्यात आला नव्हता. ते बाहेर जायचे तेव्हा बाईंसमोर अंधारच होत होता, आणि वर ते गाडीत बसून त्यांनाच विचारत होते, काय झालं म्हणून! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्यांनी ताक घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना घ्यायला गेले तेव्हा गाडीत बसल्या बसल्याच त्यांनी विषय काढला. बाई खळखळून हसल्या.

"तुम्ही इतक्या आशेने विचारायचात, हेर मेहेंदळे. काहीतरी सांगायला नको? लोक ओरडायचे त्यावरून मी जुळवायचे. बेनला जरा जास्तच खेळवलं का मी?"

"पण मला थांबवायचं होतं तुम्ही! एक शब्द बोलला असतात तर मी हललो नसतो."

"जिंकत होतो ना आपण," बाई म्हणाल्या. "आणि आजही तुम्ही बाहेर जाणार आहात. मी सांगते म्हणून जायचं. कळलं?"

हॉल असा भरला होता की लोक पायऱ्यांवर बसले होते. लिथुआनियाहून दोन बसगाड्या भरून पाहुणे आले होते, हिरवे-पिवळे शर्ट घातलेले, आणि त्यांचं गाणं आपल्या ढोलापेक्षा भारी होतं हे टोर्स्टननेही मान्य केलं. पहिली बास्केट पडायला इतका वेळ लागला की बाई म्हणाल्या, "आता मी बसते, पडली की उठवा." पण मग निडरबाख खेळलं. काय खेळलं! उल्हासरावांचा घसा बसायची वेळ आली. बेन इथल्याच शाळेत शिकलेला मुलगा, त्याच्या पँट्स बाईंनी लहानपणी आखूड करून दिलेल्या. तो समोरच्या संघाला नुसता पळवत होता, आणि उल्हासराव त्याचं प्रत्येक पाऊल बाईंच्या कानात ओतत होते. तिसरा क्वार्टर संपला तेव्हा निडरबाख नऊ गुणांनी पुढे होतं.

"उली, राउस! उली, राउस!"

उल्हासरावांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी हाताने 'निघा' अशी खूण केली. ते उठले, सवयीने हात जोडले, आणि बाहेर येऊन राखीव खुर्चीत बसले.

आतून गर्जना झाली. प्रेट्झेलवालीने अंगठा वर केला. पुन्हा गर्जना. एरवी या आवाजाने उल्हासरावांच्या अंगावर काटा यायचा. आज त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की या आवाजावरून एक म्हातारी बाई गोष्ट जुळवत बसली आहे, कारण थोड्या वेळाने आपण ती मागणार आहोत. त्यांना बसवेना. त्यांनी प्रेट्झेलवालीला म्हटलं, "काय व्हायचं ते होवो," आणि दार ढकललं.

टोर्स्टनने त्यांना बघितलं. त्याचा ढोलावरचा हात थांबला. उल्हासराव खाली मान घालून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत आपल्या खुर्चीवर पोचले आणि बाईंच्या कानाशी लागले. "चेंडू त्यांच्याकडे. त्यांचा उंच तो डावीकडे. आपलं लक्षच नाही तिकडे. फेकला. गेला आत."

पुन्हा एक. पुन्हा एक, तोही लांबून, तीन गुणांचा. नऊचे चार झाले, चाराचा एक झाला. आता पुढची मागची सगळी डोकी उल्हासरावांकडे वळली. कोणी काही बोललं नाही, पण न बोलण्याचीही एक तऱ्हा असते. पांढऱ्या पायाचा म्हणतात तो मीच, असं मनाशी म्हणत उल्हासराव उठले.

बाईंनी त्यांची बाही पकडली. आयुष्यभर कात्री चालवलेला हात, त्याची पकड सुटणारी नव्हती.

"कुठे निघालात?"

"मी बाहेर जातो. अजून वेळ आहे. जिंकू आपण."

"खाली बसा," बाई म्हणाल्या. "किती महिने झाले, मी एकही शेवट बघितलेला नाही. हरायचं असेल तर हरू. पण हरताना मला बघायचंय."

उल्हासराव बसले. पुढच्या काही मिनिटांत त्यांनी जे वर्णन केलं तसं कधी केलं नव्हतं. त्यांनी पायगुण डोक्यातून काढून टाकला, आजूबाजूचे चेहरे काढून टाकले, फक्त चेंडू ठेवला. निडरबाख एका गुणाने मागे पडलं. शेवटचे काही सेकंद उरले, चेंडू बेनकडे आला, आणि हॉल असा शांत झाला की उल्हासरावांचा एकट्याचाच आवाज ऐकू येऊ लागला.

"बेन उजवीकडे. दोघं अंगावर. वळला. उडी मारली. फेकला. रिंगवर. फिरतोय. फिरतोय. थांबला, कडेवर थांबला..." त्यांचा आवाज फुटला. "बाहेर. बाहेर पडला, फ्राउ हॉल्टमान. हरलो."

मग बाई उठल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या, पहिल्या बास्केटची वाट बघताना वाजवतात तशा, ठेक्यात. त्यांच्यामागून स्टँड उठला, मग पलीकडचा, मग लिथुआनियाचे पाहुणेही उठले. खेळाडू मैदानात हात कमरेवर ठेवून उभे होते, ते वर बघायला लागले. बेन रडत होता आणि हसतही होता. इतक्या जोरात जिंकल्यावरही कधी टाळ्या पडल्या नव्हत्या.

टोर्स्टन ढोल सावरत पायऱ्या उतरून आला. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून उल्हासरावांनी मान खाली घातली.

"तुमचा काही संबंध नाही," टोर्स्टन खालच्या आवाजात म्हणाला. "बायकोने काल माझा स्कार्फ धुतला. हंगामभर मी तिला हात लावू दिला नव्हता. हरणार हे मला सकाळीच कळलं होतं."

"स्कार्फ कसला?" मागच्या रांगेतला दाढीवाला म्हणाला. "मी आज नेहमीची ट्राम सोडून गाडीने आलो."

"मी हाफटाइमच्या आधीच सॉसेज खाल्लं," एक बाई कबूल झाली. तिचा नवरा अवाक होऊन तिच्याकडे बघत राहिला. मग आणखी कोणी डाव्या पायात आधी बूट घातला होता, कोणी पुढच्या फेरीसाठी रजा टाकून ठेवली होती. अपशकुनाची जबाबदारी घ्यायला रांग लागली. उल्हासरावांना वाटत होतं की तो मान आपल्या एकट्याचा आहे, आणि इथे तर अख्खा स्टँड दिनकरकाकांच्या घरातला निघाला! त्यांना हसू आवरेना. डोळ्यांत पाणीही आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"हेर मेहेंदळे," बाईंनी बाही ओढली, "तो शेवटचा पुन्हा सांगा."

"तो हरलेला?"

"हो. घाईघाईत उरकलात तुम्ही. नीट सांगा. बेनचं तोंड कुठे होतं, ते दोघं कोण, सगळं."

उल्हासराव खुर्चीत बसले. त्यांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. बेन उजवीकडे कसा सरकला, अंगावर आलेल्या दोघांपैकी एकाचा पाय कसा क्षणभर घसरला, बेनने तेवढीच फट कशी हेरली. आता घाई नव्हती. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. दाढीवाला पुढे वाकला. सॉसेजवाली नवऱ्याला चूप करून खाली बसली. टोर्स्टनने गळ्यातला ढोल काढून पायरीवर ठेवला.

"आणि चेंडू रिंगवर आला," उल्हासराव म्हणाले. "एक फेरी मारली. दुसरी मारली. आणि अगदी कडेवर येऊन थांबला."

ते श्वास घ्यायला थांबले. टोर्स्टनने सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी त्याने विचारलं, "मग?"